शिडी धरणारी अनुसयाबाई

यंदा होळीच्या आधीच आमच्या कॉम्प्लेक्सचे कूलर बसवायला नागपूरच्या एजन्सीची माणसं आली. अंगात निळे गणवेश, डोक्यावर टोप्या, कमरेला पट्टे आणि सोबत अ‍ॅल्युमिनियमची घडीची शिडी. सकाळी आली, दुपारच्या जेवणापर्यंत सगळ्या खिडक्या पुसल्या, कूलरमध्ये नवं गवत भरलं, पंप चालवून दाखवले आणि निघून गेली. काम चोख झालं. त्यात खोट काढायला जागा नव्हती, आणि मी खोट काढणारी बाई आहे हे वरोऱ्यात कुणालाही विचारा. पण त्या सबंध वेळात खालून कुणी ओरडलं नाही, वरच्याला कुणी वेड्यात काढलं नाही, रस्त्यानं जाणारं कुणी थांबून हसलं नाही. दुकानात बसल्या बसल्या मला चुकल्याचुकल्यासारखं वाटत राहिलं. चहा मागवला, तोही समोर ठेवून गार केला.

मला अनुसयाबाईची आठवण येत होती, हे सरळच सांगते. ती गेली. तिचा नवरा मारोतीभाऊ नंतर एक मोसम काम करून मुलीकडे कुरखेड्याला राहायला गेला. म्हणून तर ही एजन्सी.

आमचं कॉम्प्लेक्स म्हणजे बाजारातली साधी इमारत. खाली दुकानं, वर बँक, दातांचा दवाखाना आणि शिकवणीचे वर्ग. खालच्या दुकानांत एक माझं, फॉल-पिको आणि मॅचिंगचं. शेजारी शेठजींचं कापडाचं मोठं दुकान, काचेत साड्या नेसवलेले पुतळे असलेलं. घराला जशी वर्षाची कामं असतात तशी या इमारतीलाही असतात. थंडीत जिनिंगमधून उडालेला कापूस खिडक्यांच्या जाळ्यांना चिकटून बसतो, तो खरवडायचा. उन्हाळा तोंडावर आला की कूलर. पावसाआधी गच्ची झाडून पाइपांची तोंडं मोकळी करायची. पावसानंतर भिंतींवरचं शेवाळ आणि फटीतून उगवलेले पिंपळ काढायचे. आणि दिवाळीच्या आधी वरपासून खालपर्यंत सगळ्या इमारतीला आंघोळ घालायची. ही सगळी कामं मारोतीभाऊ आणि अनुसयाबाई या नवराबायकोकडे होती. भाऊ चढायचे, बाई शिडी धरायची.

शिडी धरणं हे काय काम आहे, असं तुम्हाला वाटेल. मलाही पहिल्यांदा वाटलं होतं. मी तिला म्हटलं, "नुसती उभी काय राहतेस, तोवर दुकानांच्या पायऱ्या तरी धुऊन घे." तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. वर बघत म्हणाली, "ताई, तुमी शिलाई मशीन चालवता तवा मी म्हनतो का, तोवर पोया लाटून घ्या म्हनून?" त्यानंतर मी तिच्या वाटेला गेले नाही. आमची मैत्री झाली ती याच उत्तरामुळे. वयानं ती मोठी होती, पण मी 'तुम्ही' म्हटलं की तिला चालायचं नाही. "तुमी नोका म्हनू बाप्पा. मले बँकेत आल्यासारखं वाटते."

ठेंगणी, रुंद बांध्याची, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. पदर खोचून ती शिडीच्या पायथ्याशी उभी राहायची, एक पाय खालच्या दांड्यावर, दोन्ही हात बांबूंवर, आणि मान वर. तासच्या तास मान वर. ऊन असलं तर डोळे बारीक करून, पाऊस असला तर पदर डोक्यावर घेऊन, पण नजर भाऊंच्या टाचेवरून हलायची नाही. दिवसभर त्या टाचेशी तिचं बोलणं चालायचं. आणि बोलण्याची गंमत अशी, की जमिनीवर असताना ती नवऱ्याशी अगदी रीतीनं वागायची. "आवो, आयका ना जी," "चहा घेता का जी." पण भाऊंचा पाय पहिल्या दांड्यावर पडला, की जी संपलं. "डावा टाक! डावा म्हनतो ना! इकडं काय पाहून राह्यला, लगन लागून राह्यलं का इथी? खिडकी पाय!" नांगराच्या बैलाला हाकावं तसा ती त्यांना हाकायची. काम झालं, भाऊ खाली उतरले, की पुन्हा पदर सावरून, "थकले असान जी, बसा."

मारोतीभाऊ मुळातच शांत. एका पायानं किंचित लंगडे. त्यांना एकच व्यसन, खर्रा. आमच्याकडे सुपारी-तंबाखू-चुना एकत्र घोटून जो खर्रा करतात, त्यावर निम्मा जिल्हा जगतो. पण चढण्याआधी अनुसयाबाई पुढे उभी राहायची आणि म्हणायची, "तोंड दाखवा." शाळेतल्या पोरासारखं भाऊ आ करायचे. गालात काही सापडलं तर आधी थुंकून, चूळ भरून यायचं आणि मगच शिडी.

हा खर्र्याचा राग कुठून आला ते तिनं मला एकदा सांगितलं. भर दुपार होती, गिऱ्हाईक नव्हतं, भाऊ पायऱ्यांवर डोळे मिटून पडले होते आणि ती माझ्या दुकानात पंख्याखाली पाय पसरून बसली होती.

"लगन नवं होतं माह्यं," ती म्हणाली. "हे चंद्रपुरात एका लॉजचे कूलर बसवाले गेल्ते. शिडी धरनारा गडी दुसरा होता. हे वर, आन तो खाली. त्याले खर्र्याची तलफ आली. आता येतो म्हने, न गेला टपरीवर घोटून घ्याले. शिडी सरकली. पाय मोडला ह्यायचा. मी धानाच्या बांधीत होती, मले सांज झाल्यावर समजलं."

"मग?"

"मंग काय. त्या गड्यानं माफी मांगली. माफीनं हाड जुळते का? म्या ठरवलं, माह्या मानसाले आता दुसऱ्याच्या हातात नाई द्याचं. शेत सोडलं, न ह्यायच्या मांगं शिडी धराले आली."

एवढं बोलून ती उठली आणि भाऊंच्या तोंडावर आलेलं ऊन अडवायला खोक्याचा पुठ्ठा आडवा लावून आली.

ती शिडीही तिच्याच माहेरची. कुरखेड्याकडे बांबू चांगला. भावानं निवडून तोडलेल्या दोन बांबूंची शिडी बांबूच्या ट्रकवर टाकून तिनं वरोऱ्याला आणली होती, आणि ती शिडी म्हणजे तिची बैलजोडी होती. हे मी उगाच म्हणत नाही. एका बांबूचं नाव मोऱ्या, दुसऱ्याचं बांड्या. शेती सुटली, बैल गेले, पण पोळा कसा सोडायचा? पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी ती इमारतीच्या मागच्या बोळात शिडी आडवी करायची. आमच्याकडे त्या दिवशी बैलांचे खांदे हळद-तेलानं चोळून शेकतात. ती जवसाचं तेल आणि हळद घेऊन दोन्ही बांबू टोकापासून टोकापर्यंत चोळायची, दांड्यांचे बांध ओढून बघायची, सैल झालेली दोरी बदलायची. मग हात जोडून म्हणायची, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." दुसऱ्या दिवशी शिडीला बेगडाच्या पट्ट्या, झेंडूची माळ, आणि समोर पुरणाची पोळी. आम्ही सगळे दुकानदार जाऊन नमस्कार करून यायचो. हसत जायचो, पण जायचो.

एका पोळ्याला भलतंच झालं. सकाळपासून पाऊस कोसळत होता आणि वरचा पाइप तुंबला. पाणी शेठजींच्या दुकानात भिंतीवरून उतरायला लागलं, खाली साड्यांचे गठ्ठे. गच्चीच्या दाराची किल्ली इमारतीच्या मालकाकडे, आणि मालक नागपूरला. शेठजी छत्री घेऊन बोळात धावत आले. भाऊही धावले. शिडीला हात घालणार, तोच अनुसयाबाई मध्ये.

"आज नाई."

"अरे, माल भीग रहा है!" शेठजी ओरडले.

"भिजू द्या जी. आज पोया हाय. आज ह्यायच्या खांद्यावर जू नाई ठेवाचं. म्या काल आवतन देल्लं हाय, जेवाले बलावून कामाले लावू का?"

शेठजी हात जोडायला लागले. ते तसे भले माणूस, पण साड्या म्हणजे त्यांचा जीव. मी मध्ये पडून म्हटलं, "अगं, देवसुद्धा रागावणार नाही." ती म्हणाली, "देवाचं नाई ताई, बैलाचं हाय." भाऊ मागे सरले. त्या घरात सणाचा कायदा कुणाचा चालतो हे त्यांना ठाऊक होतं. शेवटी तीच भर पावसात बाहेर पडली आणि थोड्या वेळानं मंडपवाल्याची लोखंडी शिडी एका हातगाडीवर टाकून घेऊन आली. भिजून चिंब. शिडी लावली, स्वतः धरली, भाऊ चढले, पाइप मोकळा झाला. मी विचारलं, "या शिडीला नसतो का पोळा?" तर म्हणाली, "हे परक्याची हाय. हिले कोनी आवतन नव्हतं देल्लं." शेठजींचे काही गठ्ठे भिजले ते भिजलेच. पण संध्याकाळी ते बोळात आले आणि पुरणपोळी मागून खाल्ली. रागावल्यासारखी, पण खाल्ली.

तिला सगळं समजायचं असं मुळीच नाही. ती चुकायची, आणि चुकली की कबूल करणं तिच्या जिवावर यायचं. दिवाळीच्या सफाईत एकदा शेठजींचे पुतळे धुवायला काढले. पुतळे म्हणजे त्या काचेतल्या साड्या नेसवलेल्या बायका. ओल्या फडक्यानं नुसतं पुसायचं असतं. हिनं सोड्याच्या पाण्यात बुडवून काथ्यानं खसाखसा घासलं, घरची भांडी घासावी तसं. धूळ गेली, आणि भुवयाही गेल्या, ओठही गेले. ओळीनं उभ्या त्या बायका बिनभुवयांच्या, एखादं दुखणं अंगावर काढून आल्यासारख्या दिसायला लागल्या. शेठजींनी डोक्याला हात लावला. भाऊ हसू दाबत बाहेर गेले.

अनुसयाबाई मात्र म्हणाली, "रंगच कच्चा होता. मी का करू?" आणि माझ्याकडून आरसा मागून घेऊन गेली. घरून काजळाची डबी आणली होती. पुतळ्याकडे पाहायचं, आरशात स्वतःच्या भुवया पाहायच्या आणि बोटानं काढायच्या, असं तिनं दुपारभर केलं. वर प्रत्येकीला कुंकू लावलं, "साडी नेसून उघड्या कपायाच्या बऱ्या दिसत नाईत" म्हणून. संध्याकाळी दिवे लागल्यावर पाहते तर काचेत ओळीनं सगळ्या अनुसयाबाया उभ्या! तशाच जाड भुवया, तसंच कुंकू, तीच 'इकडं काय पाहून राह्यला' अशी नजर. भाऊ काचेसमोर उभे राहून बराच वेळ पाहत होते. म्हणाले, "एक भारी पडून राह्यली होती. आता इतक्या!" तिनं ते ऐकलं आणि लाजली. एवढ्या वर्षांत तिला लाजताना मी तेवढंच पाहिलं.

एका थंडीत, जाळ्यांचा कापूस काढायचं काम अर्धं झालेलं असताना, ती आली नाही. घरी चुलीपुढे बसल्या जागी तिला लकवा मारला. उजवी बाजू गेली. भाऊंनी चंद्रपूरच्या दवाखान्यात नेलं, तिथं ती बरेच दिवस होती. जीव वाचला, पण उजवा हात-पाय परतला नाही आणि बोलणं जिभेत अडकायला लागलं. दिवसभर ओरडणाऱ्या बाईच्या तोंडून एकेक शब्द ओढून काढावा लागे. मला ते बघवायचं नाही, म्हणून मी भेटायला जायचं टाळत होते असं नाही. मी जायचे, आणि येताना रस्त्यानं रडत यायचे.

उन्हाळा कुणासाठी थांबत नाही. आमच्या जिल्ह्यात तर तो मार्चमध्येच दार ठोठावतो. भाऊ कामावर आले. बोळात बसून कूलरच्या बाजूच्या ताट्या खोलल्या, जुनं क्षार धरलेलं गवत उपसलं, नवं भरलं, टाक्यांचा गंज घासून रंग दिला. जमिनीवरचं सगळं काम झालं. आता वर चढून खिडक्यांबाहेरच्या लोखंडी घोड्यांवर कूलर बसवायचे, की झालं. पण भाऊ चढेनात. सकाळी यायचे, शिडी भिंतीला लावायचे, पहिल्या दांड्यावर पाय ठेवायचे, मागे वळून बघायचे आणि पाय काढून घ्यायचे. मग दिवसभर शिडीपाशी बसून राहायचे.

"मारोतीभाऊ, गर्मी सर पे आ गयी," शेठजी म्हणायचे.

"चढतो जी. उद्या."

बँकेतली माणसं घामानं हैराण. दातांच्या दवाखान्यातले पेशंट खुर्चीत बसल्या बसल्या वारा घालून घ्यायचे. नागपूरची एजन्सी बोलवू, असं बोलणं सुरू झालं. शेठजींनी अडवून धरलं होतं, "पुराना आदमी है, थोडा रुको," पण किती दिवस अडवणार? एकदा एजन्सी आली की ती पुन्हा जाणार नाही, हे भाऊंनाही कळत होतं. मी एका सकाळी पदर खोचला आणि म्हटलं, "भाऊ, चढा. मी धरते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, फार वाईट वाटल्यासारखं. "तुमी धराल जी ताई. पक्की धराल. पन पायच नाई उचलत. मांगं पाहतो न, तं कोनी नाई दिसत."

"मी काय कोणी नाही?"

"तसं नाई जी," म्हणाले, आणि शिडीचा बांध उगाच घट्ट करत बसले.

त्या दिवशी दुपारी दुकान बंद करून मी रेल्वेलाइनच्या पलीकडे तिच्या घरी गेले. ती अंगणात खाटेवर टेकून बसली होती. शेजारीण भाकर कुस्करून भरवत होती. मी जवळ बसले. ती माझ्या घामानं भिजलेल्या पाठीकडे पाहत राहिली आणि एकच शब्द म्हणाली, "कू-लर?"

खोटं बोलायचा विचार आला होता, पण मला ते जमत नाही. सगळं सांगितलं. भाऊ पाय ठेवतात, मागे बघतात, पाय काढतात. एजन्सीचंही सांगितलं. ती डोळे मिटून ऐकत होती. मग चांगल्या हातानं माझं मनगट धरलं आणि एकेक शब्द जुळवत म्हणाली, "बसून... राह्यला तं... मरन तो."

मी म्हटलं, "मग काय करायचं?"

तिनं डोळे उघडले. "ऑटो," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन तापायच्या आधी, ऑटो इमारतीपुढे थांबला. भाऊंनी तिला उचलून खाली घेतलं. तिनं केस विंचरून घेतले होते, कुंकू शेजारणीनं लावलेलं, जरा वाकडं. मी माझ्या दुकानातली प्लॅस्टिकची खुर्ची शिडीच्या पायथ्याशी ठेवली. शेठजी आले, बँकेचा चौकीदार आला, दातांचा डॉक्टर वरच्या खिडकीतून डोकावू लागला.

भाऊंनी एक गोष्ट करून ठेवली होती. पहाटेच येऊन शिडीचे दोन्ही पाय जाड दोरीनं बाजूच्या खांबाला आवळून बांधले होते, आणि दोरी दिसू नये म्हणून पुढे जुन्या गवताचं पोतं लावलं होतं. म्हणजे तिनं नुसता हात लावला तरी चालणार होतं. मला ते पटलं. शेठजींनीही माझ्याकडे बघून हळूच मान हलवली.

तिला खुर्चीत बसवलं. तिनं आधी डावा पाय पुढे केला आणि त्या पायानं पोतं बाजूला सारलं. दोरी दिसली. ती दोरीकडे बघत राहिली, मग भाऊंकडे. रागानं नाही. मला वाटतं, राग असता तर बरं झालं असतं. भाऊंची मान खाली गेली.

"सो-ड," ती म्हणाली.

"आवं, पन..."

"सोड."

शेठजी पुढे झाले. "अरे, पागल हुए क्या दोनों? गिर जाएगा!" मीही ओरडले, "भाऊ, अजिबात सोडू नका!" मला दोघांचाही भयंकर राग आला होता. तिचा हट्ट म्हणजे हट्ट, पण या माणसाला तरी अक्कल नको? भाऊ आमच्याकडे बघतसुद्धा नव्हते. ते खाली बसले आणि गाठ सोडायला लागले. गाठ घट्ट होती, वेळ लागला. दोरी खांबापाशी पडली. मी धरायला पुढे गेले, तर अनुसयाबाईनं नुसतं माझ्याकडे पाहिलं. मी जागच्या जागी थांबले.

तिनं डावा पाय खालच्या दांड्यावर रोवला. डाव्या हातानं बांबू धरला. उजवा हात मांडीवर पडून होता. मान वर केली. मान मात्र अगदी पहिल्यासारखी वर झाली.

भाऊंनी पाय ठेवला. मागे वळून पाहिलं. आणि चढले.

खांद्याला दोरानं बांधलेला एक कूलर ओढत ते वर गेले. माझ्याच दुकानावरच्या मजल्याचा, शिकवणीच्या वर्गाचा. शिडी एकदा करकरली. शेठजींनी डोळे मिटून कुणाचंतरी नाव घेतलं. अनुसयाबाईच्या गळ्याच्या शिरा ताठ झाल्या होत्या. ओठ हलत होते, आवाज येत नव्हता, पण ती बोलत होती, सतत बोलत होती, आणि वर भाऊ त्याप्रमाणे पाय टाकत होते, हे मी शपथेवर सांगेन. कूलर घोड्यावर बसला. पाइप जोडला. भाऊ उतरायला लागले.

त्यांचे दोन्ही पाय जमिनीला लागले. चौकीदारानं टाळी वाजवली आणि स्वतःच गप्प झाला. अनुसयाबाईचा हात बांबूवर तसाच होता. भाऊ म्हणाले, "झालं. सोड आता." ती सोडत नव्हती. मग लक्षात आलं, तिला सोडता येत नव्हतं. इतका जोर लावून धरलं होतं की बोटं उघडेनात. भाऊ तिच्यापुढे उकिडवे बसले आणि तिचं एकेक बोट बांबूवरून अलगद सोडवू लागले. घाई नाही. भर बाजारात, सगळ्यांसमोर. शेठजी तोंड फिरवून आपल्या दुकानाकडे चालू लागले.

हात मोकळा झाला. भाऊंनी तो आपल्या दोन्ही हातांत धरून चोळला. मग तिनं तो सोडवून घेतला, खुर्चीतून वाकली आणि खांबापाशी पडलेली दोरी उचलून त्यांच्या हातात दिली.

"आता... हे... बांधून घेत जा जी," ती म्हणाली.